आइस हॉकीत गोली बाहेर कधी काढायचा आणि कसा काढायचा

माझी आई पहिल्यांदा कॅनडात आली तेव्हा आम्ही तिला लेकीची मॅच बघायला रिंकवर नेलं, दोन स्वेटर, वर जाड कोट, मांडीवर शाल असा सगळा बंदोबस्त करून. मॅच संपायला दीड मिनिट राहिलं होतं, आमची टीम २-१ अशी मागे, आणि आमची गोलकीपर अचानक जाळी सोडून जोरात बेंचकडे निघाली. आईने माझी बाही ओढली. "अरे, त्या पोरीला लागलं का काही? आणि आता तिथे कोण उभं राहणार?" कोणी नाही, म्हटलं. "कोणीच नाही? मग त्या दुसऱ्या पोरी गोल नाही का मारणार?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्याचं उत्तर दोन वाक्यात देता येत नाही. नंतर मी स्वतःच टीमच्या बेंचवर मदतीला उभा राहायला लागलो, आणि आता इकडे आपली बरीच मंडळी पोरांना हॉकीत घालतायत, कोच आजारी पडला की पालकांपैकीच कोणाला तरी बेंचवर उभं करतात, तेव्हा हा निर्णय तुमच्यावर कधीही येऊ शकतो. म्हणून मला जे कळलंय ते सगळं सांगतो.

आधी मूळ गोष्ट. बर्फावर एका वेळी एका टीमचे ६ जण असतात, ५ स्केटर आणि १ गोलकीपर, ज्याला इथे सगळे गोली म्हणतात. पण गोली बर्फावर असलाच पाहिजे असं नियम म्हणत नाही. त्याला बेंचवर बोलावून त्याच्या जागी सहावा स्केटर पाठवता येतो. मग हल्ल्यात तुमचे ६, बचावाला त्यांचे ५ आणि त्यांचा गोली, आणि तुमची जाळी सताड उघडी.

आता हे करायचं कशाला, तर क्रिकेटमध्ये जसं आहे ना, एका रनने हरा नाहीतर ५० रननी हरा, पॉइंट शून्यच, तसंच इथेही आहे. एका गोलने हरलात काय आणि तीन गोलने हरलात काय, लीगच्या टेबलात फरक पडत नाही. पण बरोबरी झाली तर मात्र चित्रच बदलतं. एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, जिंकल्यावर २ पॉइंट, साध्या वेळेत हरलात तर ०, पण बरोबरी होऊन ओव्हरटाइममध्ये हरलात तरी १ पॉइंट मिळतो. म्हणजे मागे असलेल्या टीमसाठी अजून एक गोल खाणं जवळजवळ फुकट आहे आणि एक गोल करणं फार मोलाचं आहे. सगळा खेळ एवढ्यावरच आहे.

ही युक्ती तशी जुनी आहे. १९३१ च्या मार्चमध्ये स्टॅनले कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) बोस्टन ब्रुइन्सचे कोच आर्ट रॉस यांनी मॉन्ट्रियल कॅनेडियन्सविरुद्ध शेवटच्या मिनिटाला आपला गोली टायनी थॉम्पसनला बाहेर काढलं, एनएचएलमध्ये हे पहिल्यांदा केल्याचं श्रेय त्यांनाच देतात. ती मॅच ब्रुइन्स १-० ने हरले. तरी युक्ती टिकली, पण पुढची कितीतरी दशकं "शेवटचं एक मिनिट" हाच सगळ्यांचा हिशोब राहिला, आणि माझं म्हणणं असं की गडबड तिथेच आहे.

आकडे काय म्हणतात

यावर लोकांनी बसून गणितं केलीत. १९७६ मध्येच डोनाल्ड मॉरिसन यांनी संभाव्यतेचं गणित लावून दाखवलं होतं की कोच लोक फार उशीर करतात. मग २०१८ मध्ये क्लिफर्ड अ‍ॅस्नेस आणि अ‍ॅरन ब्राउन या दोघांनी, म्हणजे मूळची ही गुंतवणुकीच्या धंद्यातली माणसं, परत तोच हिशोब मांडला. त्यांनी धरलेले आकडे मला तोंडपाठ आहेत कारण मी ते बेंचवर लोकांना सांगत असतो: दोन्ही बाजूंना ५-५ स्केटर असताना दर १० सेकंदाला एका टीमने गोल करण्याची शक्यता ०.६५ टक्के, गोली काढल्यावर तुमची शक्यता १.९७ टक्के, आणि समोरच्यांची ४.३० टक्के.

म्हणजे बघा, तुमची शक्यता तिप्पट होते पण त्यांची साडेसहा पटीच्या वर जाते. हे ऐकलं की माणूस म्हणतो अरे मग हा तोट्याचा सौदा झाला. पण वरचं परत आठवा, त्यांचा गोल तुम्हाला जवळजवळ काहीच महाग पडत नाहीये, हरत तर तुम्ही आहातच.

मी याच आकड्यांवर कागद-पेन घेऊन मोटामोटी हिशोब केला. दोन मिनिटं राहिलीत, एक गोल मागे. गोली काढलाच नाही तर बरोबरी होण्याची शक्यता ७ टक्क्यांच्या आसपास. एक मिनिट थांबून शेवटच्या मिनिटाला काढला तर साधारण १३. आणि आत्ता लगेच काढला तर १७. शंभरातल्या त्या ८३ वेळा तुम्ही हरणारच आहात, आणि त्यातल्या बऱ्याच वेळा रिकाम्या जाळीत गोल खाऊन हरणार आहात, ते बघायला वाईट दिसतं, स्टँडमधून कोणीतरी ओरडतं, पण ७ चे १७ झाले ही गोष्ट खरी आहे.

अ‍ॅस्नेस आणि ब्राउन यांचं उत्तर तर याच्याही पुढे जातं. एक गोल मागे असाल तर ६ मिनिटं १० सेकंद बाकी असतानाच काढा, दोन मागे असाल तर १३ मिनिटं बाकी असताना. २० मिनिटांच्या पीरियडमधली १३ मिनिटं! मी हे जसंच्या तसं पाळा म्हणणार नाही. कारण कागदावर तुमच्याकडे पक (ज्याने खेळतात ती रबराची चकती) आहे का, तुमचे चांगले खेळाडू दमलेत का, हे येत नाही, आणि बर्फावर तेच सगळं असतं. एका शिफ्टमध्ये खेळाडू पाऊण एक मिनिट जीव तोडून खेळतो आणि मग बेंचवर येतो, तुमचे सर्वात चांगले सहा जण सलग सहा मिनिटं बर्फावर ठेवताच येत नाहीत. पण दिशा मात्र पक्की आहे, तुम्हाला जी वेळ बरी वाटते त्याच्या आधी काढा.

कोच लोक का थांबतात हे मला कळतं. शेवटच्या मिनिटाला काढून हरलं तर लोक म्हणतात प्रयत्न केला बिचाऱ्याने, आणि पाच मिनिटं आधी काढून हरलं तर म्हणतात याच्यामुळे हरलो. पोरांच्या टीममध्ये तर समोर त्यांचे आईबाप बसलेले असतात. ते दडपण मी अनुभवलंय. तरीही.

पॅट्रिक रॉय यांनी हे करून दाखवलं. स्वतः एवढा मोठा गोली, आयुष्य जाळीसमोर काढलेलं, आणि कोलोरॅडो अ‍ॅव्हलांचचे कोच झाल्यावर तेच सगळ्यात लवकर जाळी रिकामी करायला लागले. २०१४ च्या प्लेऑफमध्ये मिनेसोटा वाइल्डविरुद्ध पहिल्याच मॅचला ४-३ असे मागे असताना तीन मिनिटं बाकी होती तेव्हा त्यांनी आपला गोली वार्लामोवला बाहेर बोलावलं. शेवटचे १३ सेकंद उरले असताना पॉल स्टॅस्नीने बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये जिंकवलंही त्यानेच. ती मालिका पुढे ते हरले ते वेगळं, पण तेव्हापासून इतर कोचही हळूहळू लवकर काढायला लागले, आता एनएचएलमध्ये दोन-अडीच मिनिटं बाकी असताना जाळी रिकामी दिसली तर कोणी भुवया उंचावत नाही.

मग तुम्ही नक्की कधी काढायचा

मी जे करतो ते सांगतो. एक गोल मागे असलो तर तीन मिनिटांपासून मी गोलीकडे आणि पककडे आळीपाळीने बघायला लागतो, आणि त्यानंतर जी पहिली चांगली संधी येईल तिला काढतो. दोन मागे असलो तर पाच-सहा मिनिटांपासून. समोरच्यांचा खेळाडू पेनल्टीत, म्हणजे फाउलच्या शिक्षेत काही वेळ बाहेर, बसला असेल तर अजून आधी, कारण तेव्हा गोली काढला की तुम्ही ६ आणि ते ४ होतात. पण तेव्हा एक लक्षात ठेवायचं, ज्या टीमचा खेळाडू पेनल्टीत आहे तिला आइसिंग (स्वतःच्या अर्ध्यातून पक थेट समोरच्या टोकापलीकडे मारला की खेळ थांबतो, तो नियम) लागत नाही, त्यामुळे ते बिनधास्त लांबून रिकाम्या जाळीवर मारतात.

घड्याळ कसलं आहे तेही आधी बघून ठेवा. पोरांच्या आणि हौशी लीगमध्ये बऱ्याच ठिकाणी शिट्टी वाजली तरी घड्याळ चालूच राहतं, तिथे बोर्डावरची तीन मिनिटं म्हणजे खेळायला मिळणारी तीन मिनिटं नसतात, पक बाहेर जातो, पोरं फेसऑफला (दोघांच्या मधे पक टाकून खेळ परत सुरू करतात तेव्हा) रांगत रांगत येतात, त्यातच अर्धा वेळ जातो. तिथे अजून एखादं मिनिट आधी धरा.

चांगली संधी म्हणजे काय, तर पक तुमच्या ताब्यात आहे, नुसता तुमच्याकडे आहे असं नाही, ताब्यात आहे, आणि मधल्या लाल रेषेच्या पलीकडे चाललाय. सगळ्यात उत्तम म्हणजे समोरच्यांच्या झोनमध्ये, त्यांच्या जाळीकडच्या भागात, फेसऑफ. तेव्हा खेळ थांबलेला असतो, गोली आरामात बेंचवर येऊ शकतो, सहावा खेळाडू आधीच जागेवर उभा राहतो, पळापळ नाही. त्यातही त्यांनी आइसिंग केलेलं असेल तर सोन्याहून पिवळं, कारण आइसिंग करणाऱ्या टीमला खेळाडू बदलता येत नाहीत, त्यांचे दमलेले पाच तसेच आणि तुमचे सहा ताजे.

टाइमआउट शिल्लक असेल तर तो यासाठीच ठेवा, एनएचएलमध्ये एका मॅचला एकच मिळतो आणि तोही ३० सेकंदांचा. तुमच्या चांगल्या पोरांना श्वास घ्यायला तेवढा पुरतो.

बेंचपर्यंतचा रस्ता

इथे मी स्वतः चूक केलीये म्हणून जरा सविस्तर सांगतो. नियम असा की गोली बेंचपासून पाच फुटांच्या आत आल्याशिवाय त्याच्या जागी जाणाऱ्याने बर्फावर उतरायचं नाही. एका मॅचला ४० सेकंद बाकी, आमच्याकडे पक, त्यांच्या झोनच्या तोंडाशी, मी दार धरून उभा आणि आमची गोली येतेय. पायाला ते जाडजूड पॅड, हातात रुंद स्टिक, ती पोर बिचारी जीव खाऊन स्केट करत होती, आणि माझ्या शेजारची सहावी पोरगी एका पायावर नाचत होती, "जाऊ का, जाऊ का?" मी जा म्हटलं. गोली अजून ब्लू लाइनजवळ, म्हणजे झोनच्या हद्दीच्या निळ्या रेषेजवळ, होती. शिट्टी वाजली, खेळ थांबला, पेनल्टी नाही दिली पण फेसऑफ थेट मध्यावर नेला. हातातला पक, त्यांच्या झोनमधली जागा, सगळं गेलं, आणि उरलेल्या वेळात आम्हाला परत आत शिरताच आलं नाही.

तेव्हापासून माझं ठरलंय, दाराशी जो उभा आहे त्याने फक्त गोलीकडे बघायचं, पककडे नाही. पकचं काय चाललंय ते दुसरा माणूस बघेल. आणि गोली आत आल्यावर सहाव्याने जायचं, तीन-चार सेकंद वाया गेले तरी चालतील.

गोलीला इशारा कोण देणार हेही आधीच ठरवा. स्टँडमध्ये लोक ओरडत असतात, हेल्मेटमधून काही ऐकू येत नाही. आमच्याकडे एकच माणूस हात वर करून गोल फिरवतो, बाकी कोणी हात हलवायचाच नाही. आणि गोलीला सांगून ठेवायचं की तीन मिनिटं राहिली की पक समोरच्या टोकाला असताना दर वेळी बेंचकडे बघ. अजून एक, निघाल्यावर मध्येच पक त्यांच्याकडे गेला तर परत फिरायचं की पुढे यायचं, हे तिने ठरवायचं नसतं. अर्ध्याहून कमी अंतर झालं असेल तर परत, जास्त झालं असेल तर पुढे, अडखळून मधे उभं राहणं सगळ्यात वाईट.

एक गोष्ट आपल्या बाजूने असते. पहिल्या आणि तिसऱ्या पीरियडला टीम सहसा आपल्या बेंचच्या बाजूची जाळी राखते, दुसऱ्या पीरियडला लांबची. म्हणजे मॅचच्या शेवटी गोलीला त्यातल्या त्यात कमी अंतर कापायचं असतं.

सहावा कोण आणि सहाही जण कुठे

सहावा म्हणून सगळ्यात वेगवान पोर पाठवायचा मोह होतो. मी सांगेन, जो समोरच्या गोलीच्या पुढ्यात घट्ट पाय रोवून उभा राहील आणि मागून धक्के बसले तरी हलणार नाही, तो पाठवा. १३ मे २०१३ ची, प्लेऑफ मालिकेतली बोस्टन विरुद्ध टोरांटो सातवी, शेवटची मॅच आठवा. टोरांटोत राहणाऱ्या माणसासमोर हा विषय काढू नये इतकी ती जखम अजून ओली आहे. तिसऱ्या पीरियडमध्ये टोरांटो ४-१ ने पुढे. मग बोस्टनने एक गोल केला, ४-२. मग गोली रास्कला बाहेर काढलं आणि १ मिनिट २२ सेकंद उरले असताना लुचिचने एक मारला, ५१ सेकंद उरले असताना बर्जरॉनने दुसरा. जाळी रिकामी ठेवून ३१ सेकंदात दोन गोल! ओव्हरटाइममध्ये परत बर्जरॉननेच मॅच संपवली.

त्या बरोबरीच्या गोलला टोरांटोचा गोली रायमर जागेवर होता, त्याने चूक काहीच केली नाही. त्याच्या पुढ्यात झ्डेनो चारा उभा होता, ६ फूट ९ इंच उंच, म्हणजे २०६ सेंटीमीटर. तो खरा बचावपटू, त्याची जागा मागे, पण त्या क्षणी त्याला पुढे जाळीसमोर उभं केलेलं. बर्जरॉनने लांबून मारला आणि रायमरला पक दिसलाच नाही. सहाव्या खेळाडूचा उपयोग हा असा करायचा, त्याने पकला हात लावायलाच हवा असं नाही.

बाकीच्यांची मांडणी मी साधी ठेवतो. दोन जण ब्लू लाइनवर, दोन जण बाजूंना फेसऑफच्या वर्तुळांपाशी, एक जाळीसमोर, एक जाळीच्या मागे-पुढे फिरता, सुटलेले पक गोळा करायला. ब्लू लाइनवर तुमचे सगळ्यात शांत डोक्याचे दोघे ठेवा कारण तिथे पास चुकला की समोर कोणी नाही. नेमबाज तिथे नको, शांत माणूस हवा. आणि गडबडीत लांबून पन्नास शॉट मारण्यापेक्षा पक फिरवत ठेवा, त्यांच्यापेक्षा तुम्ही एकाने जास्त आहात, तो एक कुठेतरी मोकळा असतोच, तो सापडेपर्यंत धीर धरायचा. पोरांना हे सांगणं सगळ्यात अवघड जातं.

पक गेला तर? सगळे मागे धावत जाळीकडे जाऊ नका. ज्याच्याकडे पक आहे त्याच्या अंगावर एकाने जायचं, लगेच, त्याला मान वर करून नेम धरायला वेळ द्यायचा नाही. त्याने लाल रेषेच्या अलीकडून, त्याच्या स्वतःच्या अर्ध्यातून मारला आणि नेम चुकला तर आइसिंग, आणि फेसऑफ परत त्यांच्याच झोनमध्ये. म्हणजे घाई करून मारायला लावणं हाच तुमचा बचाव.

आणि नशीबही लागतं. २०१४ च्या सोची ऑलिंपिकची बायकांची फायनल, अमेरिका २-० ने पुढे, साडेतीन मिनिटांहून कमी वेळ राहिलेला तेव्हा कॅनडाने एक गोल फेडला आणि मग गोली झाबाडोसला बाहेर काढलं. अमेरिकेच्या केली स्टॅकने लांबून पक ढकलला, तो बर्फावरून सरकत सरकत रिकाम्या जाळीकडे निघाला, हळूहळू, अख्खं स्टेडियम बघतंय, आणि खांबाला लागून बाहेर गेला. दोन-तीन इंचांचा प्रश्न. मग ५४.६ सेकंद बाकी असताना मरी-फिलिप पुलँने बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये सुवर्णपदकाचा गोलही तिनेच मारला. तो खांबाला लागलेला पक बघून कोणी म्हणेल की गोली काढणं धोक्याचं होतं. धोक्याचं होतंच. पण न काढता २-१ ने हरलं असतं तर रौप्यच मिळालं असतं ना.

कधी काढू नका

स्पर्धेत गोलफरक मोजत असतील तर आधी नियम वाचा, म्हणजे आपल्या क्रिकेटच्या नेट रन रेटसारखं असेल तर तिथे ३-१ आणि ३-२ यात फरक पडतो. उलटंही होतं. ५ एप्रिल १९७० ला मॉन्ट्रियलला प्लेऑफमध्ये जायला शिकागोविरुद्ध जिंकायची गरजच नव्हती, पॉइंट सारखे झाले तर एकूण केलेले गोल मोजणार होते, म्हणून ५ गोल केले असते तरी पुरे होतं. ते होईनात म्हणून शेवटच्या पीरियडमध्ये बराच वेळ बाकी असताना त्यांनी जाळी रिकामी केली, शिकागोने रिकाम्या जाळीत ५ गोल घातले, मॅच १०-२. मॉन्ट्रियल बाहेर गेलं, पण त्यांचा निर्णय चुकीचा होता असं मला वाटत नाही, ते २ वर अडकले असताना अजून किती खाल्ले याने काय होणार होतं?

बरोबरी झाली की गोलीला ताबडतोब परत पाठवा, आनंदात हे विसरायला होतं, खरंच होतं. आणि एनएचएलच्या साध्या सीझनमध्ये ओव्हरटाइमला गोली काढलात आणि रिकाम्या जाळीत गोल खाल्लात तर मिळालेला तो एक पॉइंटही जातो, तुमच्या लीगमध्ये काय आहे ते विचारून ठेवा.

रेफरीने समोरच्यांवर पेनल्टीसाठी हात वर केला की गोली बाहेर धावतो ते प्रकरण वेगळं. तिथे त्यांनी पकचा ताबा मिळवला की शिट्टीच वाजते, त्यामुळे ते गोल मारू शकत नाहीत, तो गोली बिनधास्त काढा. फक्त मागे पास देताना जपून. १९७९ मध्ये कोलोरॅडो रॉकीजच्या खेळाडूचा असाच मागे दिलेला पास स्वतःच्या रिकाम्या जाळीत गेला आणि समोरच्या टीमकडून पकला शेवटचा स्पर्श गोली बिली स्मिथचा होता म्हणून गोल त्याच्या नावावर लागला.

हे सगळं मॅचमध्ये पहिल्यांदा करून बघू नका. आम्ही आता आठवड्यातून एकदा सरावाची शेवटची दहा मिनिटं याला देतो, ६ विरुद्ध ५, बोर्डावर दोन मिनिटं लावून, आणि दर वेळी आमची गोली जाळीपासून बेंचपर्यंत खरीखुरी धावते, मी हातात मोबाइलचं घड्याळ घेऊन. सुरुवातीला ती मध्ये वळून बघायची, पक कुठे आहे, म्हणून वेग जायचा. आता बघत नाही. खाली मान घालून सरळ येते, आणि दारातून आत आली की सगळ्यात आधी ओरडून विचारते, "वेळ किती लागला?"